खोलीत कापूस होता तेव्हा

२०२२च्या ऑक्टोबरात एका प्रकाशकाकडून ईमेल आली. दोनच ओळी होत्या. निवेदकाचा आवाज पातळ वाटतोय, पोकळ वाटतोय, पुन्हा बघाल का?

मी ऑडिओबुकांचं संपादन करतो. निवेदकानं रेकॉर्ड केलेल्या फाइली माझ्याकडे येतात. त्यातल्या चुका, खोकले, ओठांचे चटचट आवाज काढायचे, आवाज सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखा करायचा आणि परत पाठवायचा. आधी हे काम पुण्यात एका स्टुडिओत करायचो. लॉकडाऊनमध्ये रिठदला तात्पुरता आलो, तो इथलाच झालो. रिठद म्हणजे वाशीम जिल्ह्यातलं, रिसोड तालुक्यातलं गाव. इंटरनेट बरं आहे, लाइट जाते पण इन्व्हर्टर आहे. काम चालतं.

फाइल पुन्हा ऐकली. माझ्या खोलीत, माझ्या स्पीकरवर तोच आवाज भरदार येत होता. उलट जरा जास्तच घुमत होता, म्हणून तर मी खालच्या सुरांतला एक पट्टा कापला होता. हेडफोन लावून ऐकलं आणि प्रकाशकाचं म्हणणं पटलं. माणूस बोलतोय, पण त्याला छातीच नाही.

मग सरळ हेडफोनवरच का काम करत नाही, असं तुम्ही विचाराल. करतो की. पण दिवसाचे आठ तास कानावर हेडफोन ठेवून बघा. संध्याकाळी कान बधिर होतात आणि नकळत आवाज वाढत जातो. शिवाय हेडफोनमध्ये माणूस तुमच्या डोक्याच्या आत बोलतो. समोर बसून बोलल्यासारखा ऐकायचा तर हवेतूनच ऐकावा लागतो.

थोडक्यात, मी ठरवलं की स्पीकर बदलायचे. यावेळी स्वस्तातले नाहीत, चांगले मॉनिटर घ्यायचे. दोन वर्षांत एक लाख वीस हजार साठवले होते.

मॉनिटर म्हणजे काय, हे घरच्यांना समजावताना माझी नेहमी पंचाईत होते. बाबांच्या दृष्टीनं स्पीकर दोन प्रकारचे. एक देवळावरचा भोंगा आणि दुसरा लग्नातला डीजे. दोघांचंही काम आवाज लांब नेणं. मॉनिटरचं काम वेगळं. त्यानं आवाज गोड करायचा नाही, मोठा करायचा नाही, जे रेकॉर्ड झालंय ते जसंच्या तसं समोर ठेवायचं. यामाहानं १९७८मध्ये एनएस-१० नावाचा पांढऱ्या कोनचा स्पीकर काढला होता. घरात गाणी ऐकायला काढलेला, पण घरात कुणाला तो फारसा आवडला नाही. स्टुडिओवाल्यांनी मात्र उचलला, कारण त्यावर चूक लपत नसे. त्याच्यावर बरं वाजलं तर कुठेही बरं वाजेल, असा त्याचा लौकिक झाला. २००१मध्ये त्याचं उत्पादन थांबलं, तरी तो पांढरा कोन अजून कित्येक स्टुडिओंत दिसतो.

मला मात्र एनएस-१० नको होता. माझी तक्रार उलटी होती. मला वाटत होतं, माझ्या स्पीकरला खालचे सूर वाजवताच येत नाहीत. तानपुऱ्याची रेकॉर्डिंग लावायचो. पुरुष गायकानं काळी एकला षड्ज लावला तर तो साधारण १३९ हर्ट्झवर येतो आणि तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, ६९ हर्ट्झच्या आसपास. तो खर्ज माझ्या खुर्चीत अगदी दुबळा यायचा. त्याहून खालचं तर काहीच नाही. म्हणून मनात आठ इंची वूफरचे मॉनिटर भरले होते. मोठा कोन, मोठा डबा, खोलवर जाणारा आवाज. रात्र रात्र यूट्यूबवर तेच बघायचो.

पुण्यातल्या मित्राला विचारलं. तोही याच धंद्यातला. तो म्हणाला, "आधी खोली सांग."

मी म्हणालो, "दहा बाय दहा."

"आणि उंची?"

"दहा."

तो हसला. म्हणाला, "मी सहा महिने बाहेर चाललोय. माझी जोडी तुझ्याकडे पाठवतो. वापरून बघ, मग घे काय घ्यायचं ते."

त्याची जोडी जेनेलेक ८०३०ची होती. फिनलंडमधल्या इसाल्मी गावची कंपनी, तीही १९७८चीच. पाच इंची वूफर, ॲल्युमिनियमचा गोलसर डबा, आतच ॲम्प्लिफायर. डिसेंबरात ट्रॅव्हल्सनं वाशीमला आली, मी मोटारसायकलवर पोटाशी धरून रिठदला आणली.

त्याच आठवड्यात खोलीत कापूस भरला.

त्या वर्षी कापूस घरात ठेवणारे आम्ही एकटे नव्हतो. २०२२च्या सुरुवातीला कापसाचा भाव क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला होता. विदर्भात ज्यानं त्यानं तो आकडा मनात धरून ठेवला होता. पुढच्या हंगामाचा कापूस आला तेव्हा भाव आठ-साडेआठ हजारांच्या घरात होता. हमीभाव लांब धाग्याला ६,३८०. म्हणजे हमीभावापेक्षा बराच वर, पण दहा हजारांच्या बराच खाली. घरोघरी कापूस थांबला. आमचा दोन एकरांतला नऊ क्विंटल. जुनं घर धाब्याचं, तिथं उंदीर. स्लॅबची खोली एकच, माझी.

"तुह्या मशिनीले काही होत नाही," बाबा म्हणाले. "मांगच्या बाजूनं टाकतो. भाव आला का इकून टाकू."

खोलीची मागची अर्धी बाजू कापसानं भरली. पाय देऊन दाबला तरी ढीग माझ्या डोक्याएवढा उंच आणि भिंतीपासून पाच फूट पुढे आला. मी टेबल पुढच्या भिंतीला सरकवलं, खुर्ची त्याला खेटून. मागे टेकलो की पाठ कापसात जायची. मग मित्राचे स्पीकर लावले आणि तानपुरा सुरू केला.

खर्ज आला. आणि आवाज मोठा नव्हता तरी तारेचा झंकार, जवारीचं ते बारीक उलगडत जाणं, सगळं सुटं सुटं. निवेदकाची जुनी फाइल लावली. मी कापलेला पट्टा जिथं होता तिथं खड्डा पडल्यासारखा स्पष्ट ऐकू आला. पाच मिनिटांत दुरुस्त केला, फाइल पाठवली, दुसऱ्या दिवशी पसंतीचं उत्तर आलं.

पुढचे पाच महिने एकही फाइल परत आली नाही. मी जाहीरच करून टाकलं की पैसा बोलतो. माझी जुनी जोडी एका भजनी मंडळाला देऊन टाकली. मित्राला लिहिलं की तुझे स्पीकर अप्रतिम आहेत, पण पाच इंची इतके चांगले तर आठ इंची काय असतील! त्याचं उत्तर आलं, "घाई करू नकोस." मला वाटलं, त्याला उगाच मोठेपणा करायचाय.

बाबा संध्याकाळी येऊन कापसावर बसायचे. आधी भाव विचारायचे. मी मोबाइलवर बघून सांगायचो, जणू मीच तो ठरवतो. मग म्हणायचे, "लाव काही." मी भजनं लावायचो. बाबा तरुणपणी पखवाज वाजवायचे. एकदा डोळे मिटून ऐकताना म्हणाले, "यानं आज कणीक जास्त लावली." पखवाजाच्या डाव्या पुडीला कणीक लावतात, ती जास्त झाली की धुम जड होते. रेकॉर्डिंग चाळीस वर्षांपूर्वीचं होतं. वाजवणारा कोण, कुठला, माहीत नाही. पण त्या दिवशीची त्याची कणीक बाबांना ऐकू आली होती. चांगल्या मॉनिटरची याहून मोठी शिफारस मी ऐकलेली नाही.

भाव मात्र येत नव्हता. जानेवारीत आठ हजारांच्या वर, मग आठ, मग साडेसात. उन्हाळ्यात कापसाला किडे झाले. बारीक, डोळ्यांना न दिसणारे. माझ्या हातांना, मानेला खाज सुटायची. आई रोज म्हणायची, "इका एकदाचा." बाबा म्हणायचे, "थांब." मीही एक-दोनदा "थांबू" म्हणालो. तेव्हा वाटलं, बाबांच्या बाजूनं बोलतोय.

मे संपता संपता बियाणं, खत, पेरणीचे पैसे उभे करायची वेळ आली. मृग तोंडावर होता. खेडा खरेदीवाला व्यापारी दारात टेम्पो घेऊन आला. काटा लागला, ७,१०० रुपये भाव. नऊ क्विंटलचे त्रेसष्ट हजार नऊशे. डिसेंबरात विकला असता तर दहा-बारा हजार जास्त आले असते. बाबांनी पैसे मोजले, खिशात ठेवले आणि माझ्या खोलीचा केर काढायला लागले. सरकीचे दाणे, काड्या, धूळ. मी झाडू घ्यायला गेलो तर दिला नाही.

दुसऱ्या दिवशी टेबल मागे घेऊन खोलीच्या मधोमध ठेवलं, स्पीकर भिंतीपासून दोन फूट पुढे घेतले, कारण तसं करावं असं कुठंतरी वाचलं होतं. तानपुरा लावला.

खर्ज गेला होता. निवेदकाचा आवाज पुन्हा घुमत होता, जुन्या जोडीवर घुमायचा तसाच. टाळी वाजवली तर भिंतींमधून खणखण परत आली. मी वायरी बदलल्या. स्पीकर खराब झाला की काय म्हणून उजवा-डावा अदलाबदल करून पाहिला. मग पोटात गोळा आला. मित्राची एवढी महागाची वस्तू, पाच महिने कापसाच्या धुळीत.

मित्राला फोन केला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "कापूस किती खोल होता?"

"पाच फूट."

"आणि बसायचास कुठं?"

त्यानं एक मापनाचा मायक्रोफोन मागवायला लावला आणि रूम ईक्यू विझार्ड नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर घ्यायला सांगितलं. स्पीकरमधून खालून वरपर्यंत एक शिट्टी सोडायची, मायक्रोफोन ती ऐकतो, पडद्यावर रेघ उमटते. रेघ साधारण सपाट हवी. माझी रेघ बालाघाटाच्या डोंगरासारखी होती.

हिशेब मात्र सातवीच्या पोराला जमेल इतका सोपा निघाला. आवाज सेकंदाला साधारण ३४४ मीटर जातो. दहा फूट म्हणजे ३.०५ मीटर. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये जी लाट नेमकी अर्धी बसते ती तिथं अडकते, पुन्हा पुन्हा आपटते आणि फुगते. ३४४ भागिले ६.१, म्हणजे ५६ हर्ट्झच्या जरा वर. त्याची दुप्पट ११३. लांबी, रुंदी आणि उंची वेगवेगळी असती तर प्रत्येकीचे आकडे वेगळे पडले असते आणि फुगवटा विभागला गेला असता. आमच्या मिस्त्रीनं तिन्ही मापं दहा ठेवली. तिन्ही दिशांचा फुगवटा एकाच सुरावर.

त्यात मी बसायचो बरोबर मधोमध. अशा खोलीच्या मध्यावर ५६चा सूर जवळजवळ नाहीसा होतो आणि ११३चा सगळ्यात जोरात ऐकू येतो. खालचा आवाज येत नाही म्हणून मला मोठे स्पीकर हवे होते. ११३च्या आसपास पुरुषाच्या बोलण्याचा पाया असतो, तो घुमतो म्हणून मी तो कापत होतो. काळी पाचला गाणाऱ्या बाईंच्या तानपुऱ्याचा खर्जही तिथंच, ११६-११७ला. निवेदकाची छाती कापली ती मी, पण मला तसं करायला लावलं खोलीनं. स्पीकर जुने होते तेव्हाही आणि नवे आले तेव्हाही.

भिंतीपासूनच्या दोन फुटांचा हिशेब तर अजून गमतीचा. स्पीकरच्या मागे गेलेला खालचा आवाज भिंतीवरून परत येतो. अंतर लाटेच्या पाव हिश्शाएवढं असेल तर परत आलेला आवाज समोरच्या आवाजाला खातो. दोन फुटांना हे १४० हर्ट्झच्या आसपास घडतं. काळी एकचा षड्ज १३९. म्हणजे मी वाचीव ज्ञानावर स्पीकर अशा जागी ठेवला होता, जिथं गायकाचा सा च गळत होता.

आणि कापूस? कापूस, लोकर, गोधडी अशा मऊ गोष्टी आवाज खातात, पण हवा जिथं जोरात हलते तिथं. भिंतीला चिकटून हवा हलतच नाही. लाटेच्या पाव अंतरावर ती सगळ्यात जास्त हलते. ५६ हर्ट्झच्या लाटेचं पाव अंतर म्हणजे दीड मीटर. पाच फूट! बाबांनी दाबून भरलेला ढीग नेमका तेवढा होता. ऑनलाइन मिळणारे दोन इंची फोमचे तुकडे वरचे सूर खातात, खालच्यांना हात लावत नाहीत. स्टुडिओवाले लाखो रुपये घालून जे करतात, ते आमच्या खोलीत सात हजारांवरून दहा हजारांची वाट बघत पडलं होतं. शिवाय ढिगामुळे मला पुढे सरकून बसावं लागलं, तेही फायद्याचं झालं.

त्या रात्री झोप लागली नाही. वाईट स्पीकरचं नव्हतं वाटत. बाबांच्या डोक्यात वर्षभर दहा हजारांचा आकडा घुमत होता आणि माझ्या डोक्यात आठ इंचांचा. आणि "थांबू" म्हणताना मी खरंच त्यांच्या बाजूनं बोलत होतो का? एप्रिलमध्ये कापूस गेला नाही याचं मला कुठंतरी बरं वाटलं होतं. खोली छान वाजत होती ना. कारण माहीत नव्हतं, पण आहे ते हलू नये असं वाटत होतं.

मग निवडीला नव्यानं बसलो. यावेळी स्पीकरपासून नाही, खोलीपासून. आठ इंची जोडी तर बादच झाली. ती ज्या खोल सुरांसाठी पैसे घेते, तेच सूर ही खोली बिघडवणार. बीबीसीपुढे १९७०च्या दशकात असाच प्रश्न होता. बाहेरच्या कार्यक्रमांसाठी वापरायच्या गाडीत मोठा मॉनिटर मावेना, मावला तरी तिथं नीट वाजेना. त्यांनी एलएस३/५ए नावाचा फूटभर उंचीचा स्पीकर बनवला. फार खाली जायचा नादच सोडला आणि माणसाचा आवाज खरा येईल एवढं बघितलं. तो परवान्यावर अनेक कंपन्यांनी वर्षानुवर्षं बनवला आणि त्याच्या वंशातले स्पीकर आजही छोट्या खोल्यांसाठी लोक शोधून घेतात. आमची खोली त्या गाडीपेक्षा मोठी असेल, पण घाट तोच.

शेवटी मी मित्राच्या स्पीकरचा धाकटा भाऊ घेतला. चार इंची ८०२०. तो साधारण ५६ हर्ट्झपर्यंतच जातो. जिथं माझ्या खोलीचा पहिला फुगवटा, तिथंच त्याचा दम संपतो. मागे छोटी बटणं असतात, भिंतीजवळ ठेवल्यावर वाढणारा खालचा आवाज त्यांनी कमी करता येतो. स्पीकर भिंतीला शक्य तितके जवळ नेले, म्हणजे ती खाण्याची जागा वरच्या सुरांत सरकते आणि तिथं गादी कामाला येते. उरलेल्या पैशांतून रिसोडच्या गादीवाल्याकडून चार इंच जाडीच्या सहा उभ्या गाद्या शिवून घेतल्या. "पाहुणे यायचेत काय?" त्यानं विचारलं. खुर्ची खोलीच्या मध्यापासून पुढे, पुढच्या भिंतीपासून पावणेचार फुटांवर. जागा जमिनीवर खडूनं आखून ठेवली आहे.

कापूस होता तेव्हासारखं वाजत नाही. ११३चा फुगवटा निम्म्यावर आला, ५६चा तसाच आहे. पण तो कुठं आहे ते आता मला माहीत आहे, आणि माहीत असलेली खोट धरून काम करता येतं. फाइली परत येत नाहीत.

खोकं उघडताना बाबा समोर होते. एवढेसे डबे बघून म्हणाले, "केवढ्याले पडले?"

कमी सांगायचा मोह झाला. पण सांगितलं. दोन एकरांचा सगळा कापूस विकूनही ही जोडी आली नसती. बाबा काही बोलले नाहीत. खडूच्या खुणेवर ठेवलेल्या खुर्चीत बसले आणि म्हणाले, "लाव ते पखवाजवालं." अर्धं ऐकून म्हणाले, "कणीक कमी वाटून रायली." बरोबर होतं. तेवढी खोली हे स्पीकर देत नाहीत.

त्याच वर्षी दिवाळीनंतर पहिला वेचा घरी आला. बाबा गाठोडं घेऊन माझ्या दारात उभे राहिले. गाद्यांकडे बघितलं, टेबलाकडे बघितलं.

"यंदा बी इथंच टाकू काय? तुह्या गाण्याले बरं रायते म्हने."

मी मोबाइल काढला नाही, भाव बघितला नाही. कापूस आला तर खोली कशी वाजेल हे मला आकड्यांत ठाऊक होतं.

"इकून टाका बाबा," मी म्हणालो. "जसा येईल तसा इका."

त्यांनी गाठोडं उंबऱ्यावरच टेकवलं आणि टेम्पोवाल्याला फोन लावला.